मदत हवी आहे: फोटोत रेकॉर्ड प्लेअरची सुई तिरकी दिसतेय, हेडशेल (सुईच्या दांड्याचं टोक) किती फिरवू?

खरखर
चार दिवस डोक्याला ताप झालाय. तबकडीच्या शेवटच्या गाण्यात "स", "श" आले की फस्स्स होतं, उजव्या बाजूला जास्त. पहिली दोन-तीन गाणी एकदम स्वच्छ. यूएसबी मायक्रोस्कोप आणला, समोरून फोटो काढला, तर सुई डावीकडे झुकलेली. सॉफ्टवेअर 3 अंश म्हणतंय. हेडशेल नेमकं किती फिरवू? "अ‍ॅम्प बदला" सांगणाऱ्यांना आधीच नमस्कार.

तबकडीवेडा
कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) कुठली? सुईचं टोक गोल की लंबगोल? तबकडीवर सुईचं वजन किती ठेवलंय? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणता का?

खरखर
लंबगोल. वजन कागदावर लिहिलंय तेवढंच.

बाणकोन
समोरून कशाला, बाजूने फोटो काढा! एसआरए (बाजूने बघताना सुईचा तबकडीशी होणारा कोन) 92 अंश हवा. नेहमीच्या 9 इंची आर्मची (सुईच्या दांड्याची) मागची बाजू साधारण 4 मिमी उचलली की 1 अंशाचा फरक पडतो. मी केलं, तंबोरा वेगळाच ऐकू यायला लागला.

जुनंखोड
आलं 92 चं खूळ. जाड तबकडी ठेवली की तो कोन बदलतोच. मग दर तबकडीला आर्म खालीवर करत बसायचं? मी गोल सुई लावली आणि सुटलो.

बाणकोन
शेवटच्या गाण्याचं दुखणं आहे आणि गोल सुई सुचवताय? बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला 51 सेंमी जाते, आत शेवटी जेमतेम 21. तोच "स" निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. जाड टोक तिथे काय वळणार?

जुनंखोड
मला ऐकू येतं तेवढं पुरे.

एक_श्रोता
विषयांतराबद्दल क्षमस्व. तबकडी भांड्यांच्या साबणाने धुतली तर चालते का?

सूक्ष्मदर्शी
खरखर, फोटो काढताना सुई हवेत होती की टेकलेली? आणि मायक्रोस्कोप कशावर ठेवला होता?

खरखर
हवेत. पुस्तकांच्या चळतीवर.

सूक्ष्मदर्शी
मग ते 3 अंश पुस्तकांचेही असतील. असं करा: प्लॅटर (फिरती थाळी) बंद, अँटिस्केट (आत ओढल्या जाणाऱ्या आर्मला बाहेर ओढणारा जोर) शून्य, सुई शेवटच्या गाण्यानंतरच्या गुळगुळीत पट्टीवर अलगद टेकवा. मागून थोडा उजेड. फोटोत सुई आणि तबकडीतलं तिचं प्रतिबिंब टोकाला टोक लावून दिसेल. दोन्ही मिळून सलग रेष दिसली तर सुई ताठ. मध्ये कोपरा पडला तर कललेली. मायक्रोस्कोप वाकडा असला तर अख्खी रेष तिरकी होईल, कोपरा आपोआप पडणार नाही.

खरखर
केलं. रेष जवळजवळ सलग आहे. सुईच्या मुळाशी कापसासारखा करडा पुंजका मात्र होता, तो ब्रशने मागून पुढे काढला. फस्स्स कमी झालं, गेलं नाही. म्हणजे हेडशेल फिरवायचंच नाही?

तबकडीवेडा
कार्ट्रिज कुठली ते अजून सांगितलं नाहीत. पहिल्यापासूनची हीच का?

खरखर
नाही, गेल्या महिन्यात बदलली. जुनीचे स्क्रू होते तिथेच नवी कसली. त्याने काय होतं?

तबकडीवेडा
🤦

सूक्ष्मदर्शी
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतंत! स्क्रूच्या भोकांपासून सुईच्या टोकापर्यंतचं अंतर दर कार्ट्रिजचं वेगळं असतं. टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर मागेपुढे गेलं की शेवटची गाणी आधी रडतात. बेअरवाल्डचा प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज जुळवायचा मापाचा कागद) छापा. तबकडीच्या केंद्रापासून 66 आणि 120.9 मिमीवर बिंदू असतात. दोन्ही ठिकाणी कॅन्टिलिव्हर (सुई धरणारी बारीक दांडी) रेघांना समांतर हवा. मायक्रोस्कोप आता वरून लावा, आणि कार्ट्रिजच्या खोक्याकडे नाही, कॅन्टिलिव्हरकडे बघा. खोकं सरळ आणि आत दांडी तिरकी असं सर्रास असतं.

जुनंखोड
आणि उजवीकडे जास्त फुटतंय तर अँटिस्केटही बघा. तो कमी असला की सुई आतल्या भिंतीला रेलते, बाहेरची, म्हणजे उजवी, सुटते. यात मायक्रोस्कोप लागत नाही.

बाणकोन
हे मान्य. (नोंद घ्यावी.)

खरखर
प्रोट्रॅक्टर छापला. 66 ला जमवलं की 120.9 ला बिघडतंय, तासभर हेच चाललंय.

सूक्ष्मदर्शी
छापताना 100 टक्के ठेवलं होतंत ना? कागदावरचं अंतर पट्टीने मोजा.

खरखर
66 च्या जागी 62 भरतंय. पुन्हा छापतो.

एक_श्रोता
साबणाचं कुणी सांगेल का?