मेनूतली पीडीएफ जुनीच राहते, त्यावर उपाय
वेबसाइटच्या मेनूत फक्त पानंच दिसतात, बायोडेटाची पीडीएफ कशी जोडायची, असं तुम्ही विचारलंत. वर्डप्रेसमध्ये (वेबसाइट बनवायच्या प्रणालीत) फाइल आधी मीडिया लायब्ररीत, म्हणजे फाइली साठवायच्या जागी, चढवा, तिचा पत्ता कॉपी करा आणि मेनूत 'कस्टम लिंक' म्हणून टाका. एवढंच.

खरी अडचण पुढे येते. सुधारलेली फाइल त्याच नावाने चढवली तरी वर्डप्रेस जुनी पुसत नाही. नव्या फाइलला वेगळाच पत्ता देतं, उदाहरणार्थ नावाला '-1' जोडतं. मेनू जुन्याच फाइलकडे बोट दाखवत राहतो. माझा जुना बायोडेटा लोक कित्येक महिने उतरवून घेत होते, फार वाईट वाटलं. म्हणून आता मी मेनूत साधं पान जोडते आणि पीडीएफचा दुवा त्या पानावर, शेजारी फाइलचा आकार लिहून देते. फाइल बदलली की दुवा त्या पानावरच बदलायचा, मेनूला हात लावायचा नाही.

फाइलचं नाव मात्र देवनागरीत नको. पत्ता कॉपी केला की बहुतेकदा टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते.