माथेरानचा जुना बंगला: जांभ्याला सिमेंटचं प्लास्टर करू द्यायचं का?

ओटीवरची:
नमस्कार. माथेरानला आमचा जांभ्याचा, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडाचा, कौलारू बंगला आहे. आजोबांनी १९५६ साली एका पारशी कुटुंबाकडून घेतला. मुळात कधी बांधला ते कागदांत नाही, पण १९०७ साली नेरळची छोटी गाडी सुरू झाली त्याच्या आधीचा, असं घरात सगळे सांगतात.

माळीकाका होते तोवर दर मे महिन्यात कौलं चाळली जायची, म्हणजे उतरवून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवली जायची. ते गेल्यावर आमचं जाणंच सुटलं. माकडांनी उत्तरेकडची कौलं फोडली आणि दोन पावसाळे मधल्या खोलीत पाणी उतरलं. आढ्याजवळचे तीन वासे हाताने कुसकरतात. व्हरांड्याच्या भिंतीचे पोपडे निघालेत.

कंत्राटदार म्हणतो, जुना चुना खरवडून सिमेंटचं प्लास्टर करू, कौलं उतरवून रंगीत पत्रे टाकू, मग दहा वर्षं बघायला नको. भावांना पटलंय. मला नाही. या व्हरांड्यात आजी दुपारी माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायची. तिचा पाट सरकवल्याच्या रेघा फरशीवर अजून आहेत. पण एवढ्यावर भाऊ थांबणार नाहीत. त्यांना कारण हवंय. चुन्याचं काम केलेलं कुणी आहे का इथे?

गवंडीकाम:
ताई, सिमेंट अजिबात लावू देऊ नका. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्यातून ती ओल बाहेर पडते, सिमेंटमधून पडत नाही. मग ती भिंतीत कोंडते, दगड आतून भुसभुशीत होतो, आणि वरून भिंत चांगली दिसत असल्यामुळे कुणाला कळतही नाही.

चुना विरवून निदान काही आठवडे भिजत ठेवायचा, वाळू आणि विटांची सुरखी, म्हणजे भुकटी, घालून मळायचा, पातळ थर द्यायचे आणि दर थराला दम धरायचा. घाईचं काम नाही हे. आता मार्च आहे, तेव्हा यंदा फक्त छप्पर करा. प्लास्टर दिवाळीनंतर.

नेरळकर:
छप्पर आधी, हे अगदी खरं. वासे बदलताना नुसती कुजलेली टोकं कापून जोड देता येतो का, ते सुताराला विचारा. अख्खा वासा काढायची गरज दर वेळी नसते. माकडांसाठी कौलं तारेने रीपेला, म्हणजे खालच्या लाकडी पट्टीला, बांधून घ्या, मंगलोरी कौलाला त्यासाठी भोक असतं. दस्तुरी नाक्याच्या पुढे माल मोटारीने नेता येत नाही, वाहतुकीचा खर्च आधीच धरा.

आणि जमीन सरकारी भाडेपट्ट्यावर असेल तर मुदत आणि मिळकत पत्रिकेवरची नावं बघा. २००३ पासून माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. छपराचं रूप बदलण्याआधी नगरपरिषदेत लेखी विचारा.

पुणे_३०:
सगळं बरोबर, पण पैसा कोण देणार? आमच्या वाड्यात सात हिस्सेदार होते. चुना की सिमेंट यावर चार वर्षं वाद घातला, तेवढ्यात मागची भिंत बसली. एका खोलीपुरते का होईना, पण काम सुरू करा.

ओटीवरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी जाऊन आले. न्हाणीच्या खिडकीखाली बाबांनी पूर्वी हातभर सिमेंट लावून घेतलं होतं, ते आठवलं. हातोडीच्या दांड्याने ठोकलं तर पोकळ आवाज आला. पोपडा काढला तर मागचा जांभा ओल्या भुशासारखा हातात आला. तिथून वीतभर अंतरावर जुना चुना आहे, त्याच्यामागचा दगड कोरडा आणि टणक.

दोन्हीचे फोटो भावांना दाखवले. धाकटा काही बोलला नाही. मधला बराच वेळ बघत बसला, मग त्याने विचारलं, कौलं किती लागतील?

दोनशे मोजलीत. नेरळकर, कौलं चाळणारं माहितीतलं कुणी असेल तर जरूर कळवा.