पहिला प्लॉट उशिरा उमटतो: लायब्ररीच्या नावाने खडे फोडण्याआधी मोजून पाहिलंत का?

खटाटोपी (धागाकर्ता)

ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतल्या प्लॉट्स या आलेख काढायच्या पॅकेजबद्दल एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकतोय. ‘यूझिंग प्लॉट्स’ लिहिलं, एन्टर मारला आणि बसलो वाट बघत. दुसरा आलेख मात्र डोळ्याचं पातं लवायच्या आत हजर. तक्रार खोटी नाही. मे २०२३ मध्ये ज्युलियाची १.९ आवृत्ती येईपर्यंत पॅकेजचा मशीन कोड, म्हणजे प्रोसेसरला थेट चालवता येणारा, डिस्कवर साठवलाच जात नव्हता. डेटाचे प्रकार (टाइप) ताडून ठेवलेला अर्धाकच्चा माल तेवढा कॅशेमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या तयार साठ्यात, असायचा, बाकी सगळं दर सेशनला नव्याने.

पण आजही नुसतं ‘फार स्लो आहे’ एवढंच लिहून इश्यू (पॅकेजच्या पानावरची तक्रार) टाकणाऱ्यांचं मला नवल वाटतं. त्या एका थांबण्यात तीन वेगळे वेळ असतात. पॅकेज आणि ते ज्यांच्यावर अवलंबून आहे ती पिलावळ (डिपेंडन्सी) लोड होण्याचा पहिला. पहिल्या प्लॉट कॉलला कंपायलर, म्हणजे मशीन कोड बनवणारा, खातो तो दुसरा. चित्र प्रत्यक्ष रंगवून पडद्यावर आणण्याचा तिसरा. प्लॉट फंक्शन फक्त ऑब्जेक्ट बनवून परत देतं, रंगवणं डिस्प्लेच्या वेळी होतं. म्हणून ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकून (म्हणजे आलेख आपोआप दिसत नाही) प्लॉट एकदा चालवा, मग त्याच ऑब्जेक्टवर डिस्प्ले वेगळं चालवा. दोन्हींना टाइम मॅक्रो, म्हणजे वेळ मोजणारी आज्ञा, लावा.

लोडिंगसाठी १.८ पासून टाइम-इम्पोर्ट्स मॅक्रो आहे. कोणतं डिपेंडन्सी पॅकेज किती मिलिसेकंद खातं ते ओळीओळीने दिसतं, आणि काही ओळींपुढे कंपाइलेशनचा व त्यातल्या रीकंपाइलेशनचा टक्काही. रीकंपाइलेशनचा आकडा फुगलेला असेल तर बहुधा इनव्हॅलिडेशन झालेलं असतं: कुठल्या तरी पॅकेजने आधीच्या फंक्शनला आपली मेथड (त्याच फंक्शनची नवी व्याख्या) चिकटवली, आणि तयार असलेला कोड बाद ठरला. ते पॅकेज म्हणजे प्लॉट्सच असेल असं मुळीच नाही.

आणि हे सगळं स्टार्टअप फाइल (ज्युलिया उघडताच आपोआप चालणारी) बंद ठेवून मोजा. तिच्यात लोक काय काय कोंबून ठेवतात आणि बोल मात्र प्लॉट्सला लावतात.

रोखठोक

सपशेल असहमत. मला एका सीएसव्हीचा आलेख हवाय. त्यासाठी मी कंपायलरची कुंडली मांडत बसू?

तुमचे तीन वेळ तुम्हाला लखलाभ. मी सोसतो ती तिन्हींची बेरीज. लोडिंग जास्त की कंपाइलेशन, हे कळून माझा आलेख लवकर येणार आहे का? लेखकांनी आपल्या घरचं आपण बघावं. वापरणाऱ्याला कामाला लावून वर ‘मोजलंत का’ असं दरडावणं हा शुद्ध उद्धटपणा आहे.

खटाटोपी

बेरीज तीच, पण इलाज वेगळा, आणि म्हणून मोजायचं. लोडिंग जड असेल तर डिपेंडन्सी काढाव्या लागतात. कंपाइलेशन जड असेल तर पॅकेजमध्ये प्रीकंपाइलची, म्हणजे आधीच कंपाइल करून ठेवण्याची, तयारी वाढवावी लागते. डिस्प्ले जड असेल तर यातलं काहीही करा, ढिम्म फरक पडणार नाही. दरडावत नाहीये. दोन ओळींचं काम आहे.

सोडा_हो

पायथॉन घ्या आणि मोकळे व्हा.

बारीकसारीक

@सोडा_हो, मॅटप्लॉटलिब (पायथॉनचं आलेखांचं पॅकेज) पहिल्यांदा चालवताना ‘फॉन्ट कॅशे बनवतोय, जरा वेळ लागेल’ अशा अर्थाची ओळ कधी पाहिली नाहीत वाटतं. पायथॉनलाही ३.७ मध्ये लोडिंगचा वेळ मोजणारा इम्पोर्टटाइम नावाचा पर्याय आला, तो काय हौस म्हणून?

सोडा_हो

तो कॅशे एकदाच बनतो हो.

बारीकसारीक

तुमच्या लॅपटॉपवर एकदाच. दरवेळी नवा कोरा कंटेनर (प्रोग्राम चालवायची बंदिस्त जागा) उठवत असाल तर दरवेळी. कॅशेच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल तर तो टेम्पररी फोल्डरमध्ये बनतो आणि प्रोसेस संपली की जातो. मग तुमचा आलेख रोज सकाळी उशिरा का निघतो याचा शोध लोक आलेखाच्या कोडमध्ये घेत बसतात. तिथे काहीच नसतं. इथे मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे: भाषा कुठलीही असो, आधी मोजा.

पॅकेजवाला

लहानसं प्लॉटिंग पॅकेज सांभाळतो, म्हणून चार शब्द. @रोखठोक यांचा राग समजतो, पण ‘आपल्या घरचं आपण बघावं’ म्हणजे काय करायचं ते पाहू.

प्रीकंपाइलटूल्स हे मदतनीस पॅकेज वापरून मी पॅकेजमध्येच एक नमुना आलेख काढून ठेवतो. इन्स्टॉल होताना तो चालतो आणि त्याला लागणारा मशीन कोड कॅशेमध्ये जातो. नमुन्यात साध्या अपूर्णांकांचे दोन व्हेक्टर असतात. तुम्ही एक्स अक्षावर तारखा दिल्यात की तो रस्ता नमुन्यात नसतो, मग कंपायलर पुन्हा कामाला लागतो. तारखा नमुन्यात घातल्या तर कुणी एककांसकट संख्या देतो, कुणी गहाळ किमती. सगळंच घातलं तर कॅशे फुगतो, इन्स्टॉल रेंगाळतो, आणि मग इश्यू येतो की अपडेट केलं की प्रीकंपाइल संपतच नाही. मॅकी हे ज्युलियातलं दुसरं आलेख पॅकेज वापरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

१.९ सोबत एक्स्टेन्शन्सही आली, त्याचा फायदा मला जास्त झाला. डेटाफ्रेमसाठीचा (तक्त्यातल्या डेटासाठीचा) जोडकोड आता वापरणाऱ्याने डेटाफ्रेम्स लोड केलं तरच येतो. एरवी तो माझ्या गळ्यात नाही आणि तुमच्याही.

त्यामुळे ‘स्लो आहे’ एवढाच इश्यू आला तर मी तो उघडा ठेवतो आणि पुढे जातो. ट्रेस-कंपाइल पर्याय लावून ज्युलिया चालवा. सेशनमध्ये नव्याने कंपाइल झालेली प्रत्येक मेथड तिच्या टाइपांसकट छापली जाते. ती यादी चिकटवलीत तर कोणता रस्ता नमुन्यात राहून गेला ते मला लगेच कळतं.

रोखठोक

म्हणजे पुन्हा मीच राबायचं. ही यादी तुमचं पॅकेज स्वतः बनवून देत नाही ते?

पॅकेजवाला

कल्पना वाईट नाही. पण तुमचा डेटा कोणत्या टाइपचा आहे हे तुमच्या मशीनवरच कळणार ना.

निशाचर

तुम्ही सगळे एका लॅपटॉपच्या जगात भांडताय. मी क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक कॉम्प्युटरांवर (नोड्सवर), काम करते. तिथे १.९ नंतरही दर जॉबला प्रीकंपाइल पुन्हा सुरू व्हायचं आणि सगळे प्लॉट्सला शिव्या घालायचे. लोडिंगचा डीबग पर्याय चालू केल्यावर कॅशे फाइल नाकारल्याच्या ओळी दिसल्या. लॉगिन नोडचा प्रोसेसर एका पिढीचा, जॉब चालतो तो नोड दुसऱ्या पिढीचा. एकासाठी बनवलेला मशीन कोड दुसरा घेत नव्हता. ज्युलियाच्या सीपीयू टार्गेट या सेटिंगमध्ये दोन्ही प्रोसेसर लिहिले आणि विषय संपला. पॅकेजचा संबंधच नव्हता.

होम फोल्डर नेटवर्क डिस्कवर असेल तर आणखी वेगळी तऱ्हा. ढीगभर कॅशे फाइली तिथून ओढायच्या म्हणजे लोडिंग रखडणारच. डेपो (ज्युलियाची पॅकेजं आणि कॅशे ठेवायचा फोल्डर) लोकल डिस्कवर हलवा.

टाइम-इम्पोर्ट्सने यातलं कारण थेट सांगितलं नसतं, हे धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावं. आकडा मिळतो, कारण नाही.

जुना_कंपू

पॅकेजकंपायलरने सिस्टम इमेज, म्हणजे ज्युलिया सुरू होतानाच लोड होणारी तयार फाइल, बनवा की. प्लॉट्स आतच भाजून टाकायचं, लोडिंग जवळपास शून्य.

निशाचर

आणि त्या इमेजमधली आवृत्ती तिथेच गोठते. नंतर पॅकेज अपडेट केलंत तरी चालतं ते आतलं जुनंच. ज्याची स्क्रिप्ट वर्षभर बदलत नाही त्याने खुशाल करावं.

रोखठोक

मोजलं. तुमच्या समाधानासाठी. स्टार्टअप फाइल बंद, अर्धविराम टाकून. लोडिंग किरकोळ, प्लॉट कॉल किरकोळ, डिस्प्ले प्रचंड. आणि जीआर हा तुमच्या प्लॉट्सचाच डिफॉल्ट बॅकएंड (चित्र प्रत्यक्ष रंगवणारा भाग) ना? म्हणजे दोष लायब्ररीचाच ठरला. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

खटाटोपी

डिस्प्लेच्या ओळीत कंपाइलेशनचा टक्का किती आहे?

रोखठोक

नगण्य.

खटाटोपी

मग कंपायलर सुटला. नव्या सेशनमध्ये डिस्प्ले न करता आलेख थेट पीएनजीमध्ये सेव्ह करून बघा. जीआर खिडकी दाखवायला वेगळी प्रोसेस उठवतं आणि तिच्याशी जोडणी होईपर्यंत थांबतं. त्या प्रोसेसला अँटिव्हायरस किंवा रिमोट डेस्कटॉप आडवा येत असेल तर सेव्हफिग (आलेख फाइलमध्ये सेव्ह करणारं फंक्शन) झटकन होईल.

रोखठोक

पीएनजी लगेच आली. म्हणजे खिडकीच. तरी माझं म्हणणं तेच: डिफॉल्ट तुम्ही निवडलात, तर डिफॉल्टचं ओझंही तुम्ही वाहा. नवख्या माणसाला प्लॉट्स कुठे संपतं आणि जीआर कुठे सुरू होतं हे कसं कळावं?

पॅकेजवाला

हे मान्य. एरर येत नाही, वॉर्निंग येत नाही, नुसताच थांबतो बिचारा. @रोखठोक, तुम्ही आत्ता इथे लिहिलंत तेवढंच, डिस्प्ले मंद, सेव्हफिग जलद, कंपाइलेशन नगण्य, ऑपरेटिंग सिस्टमच्या नावासकट जीआरच्या रेपोमध्ये (कोडच्या पानावर) टाका. प्लॉट्सच्या नको, तिथे पडून राहील.