मोकळं जगायला कुठं गेलात? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

पगार, हवामान, मुलांच्या शाळा यांवर बोलून झालंय. मनासारखं जगता यावं किंवा मनातलं बोलता यावं म्हणून ज्यांनी गाव बदललं, त्यांनी इथं लिहावं. देशच बदलला पाहिजे असं नाही.

निमित्त माझी भाची. कॅनडा की जर्मनी, असा घोळ घालून राहिली आहे आणि रोज देशांचे तक्ते पाठवते. फ्रीडम हाऊस या अमेरिकी संस्थेच्या स्वातंत्र्याच्या तक्त्यात फिनलंडला १०० पैकी १०० आहेत, भारत २०२१ पासून 'अंशतः स्वतंत्र' गटात. असेल. पण तक्त्यात घरमालक नसतो आणि व्हिसाची मुदतही नसते. म्हणून 'इकडे सगळं छान' एवढंच लिहू नका. मत देता येतं का, लग्न कोणाशी करता येतं, मोर्चात जाता येतं का, तेही लिहा. नावं नकोत.

त्रिमूर्तीनगर, सध्या बर्लिन

मला माझ्या जोडीदाराशी लग्न करायचं होतं, एवढाच मुद्दा. सप्टेंबर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून आम्हाला मोकळं केलं, तेव्हा वाटलं आता इथंच राहू. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच कोर्टानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला आणि आम्ही जर्मनच्या क्लासला नाव घातलं. जर्मनीत असं लग्न २०१७ पासून कायदेशीर आहे. गंमत म्हणजे या मोकळ्या देशात घर मिळालं की दोन आठवड्यांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि तिथली अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. लग्नाला आई व्हिडिओ कॉलवर होती. बाबा नव्हते. त्यांच्याशी तो विषय अजून निघत नाही. नागपूर सोडलं म्हणून तेवढं सुटलं नाही.

मताचं विचाराल तर २०२४ पासून इथं पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं, आणि जर्मनी जुना पासपोर्ट सोडायला सांगत नाही. आपलाच भारत सोडायला लावतो, १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९. मग ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते. त्यावर हवं तेव्हा या-जा, पण मत नाही, निवडणूक लढवणं नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. काटोलला आमची संत्र्याची बाग आहे, म्हणून हे शेवटचं जास्त टोचतं.

जरीपटका, सध्या दुबई

इथं बाईनं एकटं राहण्यात कोणाला काही वाटत नाही. रात्री दोनला विमानतळावरून टॅक्सीनं येते, खाली कोणी चौकशी करत नाही. नागपुरात भाड्याच्या खोलीवर दहाच्या आत यावं लागे, आणि सख्खा भाऊ यायचा असला तरी घरमालकिणीला आधी सांगावं लागे. लग्नाशिवाय एकत्र राहण्यावरची बंदीही इथं २०२० मध्ये सैल झाली.

पण मी बाबांसोबत वेगळ्या विदर्भाच्या धरण्याला यशवंत स्टेडियमला बसलेली पोरगी आहे. हिवाळी अधिवेशनात मोर्चा मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवला की रस्त्यावरच डबा उघडायचा, हे आमच्या घरी सणासारखं होतं. इथं राजकीय पक्ष नाहीत, आणि ऑनलाइन काय लिहिता त्यावरून गुन्हा दाखल होऊ शकतो. माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे ऑफिसात राजकारणावर मी चकार शब्द काढत नाही. मला सध्या हे चालतं. बाबांना नाही चालत. भेटायला आले की लगेच परतीचं तिकीट बघायला लागतात.

वर्धमाननगर, सध्या सिंगापूर

भाऊ, इथं सगळं टकाटक आहे. भाषण ठोकायचं तर हाँग लिम पार्कात जागा नेमून दिली आहे. पण २०१७ पासून आमच्यासारख्या वर्क पासवाल्याला तिथल्या निदर्शनात नुसतं उभंही राहता येत नाही. मी घरी झोपून राहतो.

प्रतापनगर, सध्या लीड्स

हे फार जणांना ठाऊक नसतं. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, कॉमनवेल्थचा म्हणून, संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. विद्यार्थ्यालाही. नाव मात्र आपण होऊन नोंदवायचं. १९ एप्रिल २०२४ ला नागपुरात लोकसभेचं मतदान होतं. परदेशातल्या भारतीयाचं नाव यादीत येऊ शकतं, पण मत द्यायला केंद्रावर स्वतः यावं लागतं, आणि तिकिटाचे पैसे कुठून आणायचे? ४ जुलैला लीड्समध्ये मत दिलं. स्वतःच्या गावात हुकलं, परक्या गावात जमलं.

धागा काढणारी

कमाल आहे! कॅनडात पीआरवाल्याला, म्हणजे कायम राहण्याचा परवाना असलेल्याला, मत नाही, हे भाचीनं तपासलंय. पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष राहायचं, मग नागरिकत्वाचा अर्ज.

भंडारा जिल्हा, आता नागपूर

सगळे नागपूर सोडून राहिले, मी नागपुरात आलो. बायको वेगळ्या जातीची. गावात राहिलो असतो तर पंगतीत आईला बाजूला बसवलं असतं. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे. पण शेजाऱ्यांवर तक्रार करून पुन्हा त्यांच्याच वाटेनं शेतात कसं जायचं? लग्न विशेष विवाह कायद्यानं केलं. त्याची ३० दिवसांची नोटीस कार्यालयात लागते, आणि ती कोण वाचून जातं या धास्तीत तो महिना गेला.

पुणे चाललं असतं, हैदराबादही. नागपूर धरलं कारण इथं आपली माणसं होती, अडल्यानडल्याला वकील होते, वसतिगृहातले मित्र होते. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेसाठी नागपूरच का निवडलं, ते दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं होतं: बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांची ही भूमी. माझं कारण एवढं मोठं नाही. माझ्या लग्नाचा खुलासा कोणी मागणार नाही असा शेजार हवा होता. तरी एका चांगल्या वस्तीत मालकानं आधी आडनाव विचारलं, मग 'पाहुणे येऊन राहिले' म्हणत खोली नाकारली. इंदोऱ्याजवळ मिळाली.

महाल, आता मनीषनगर

वय ६७. यजमान गेल्यावर वाड्यातला हिस्सा सोडून छोटा फ्लॅट घेतला. कोणाला मत दिलं ते आता कोणाला सांगत नाही. वाड्यात दीर आदल्या रात्रीच सगळ्या बायकांना चिन्ह सांगून ठेवायचे. नातू न्यूझीलंड म्हणतो आहे. तिकडचं कोणी आहे का?

खामला, सध्या हॅमिल्टन

आहे, काकू. निवासी व्हिसा हवा, आणि कधीतरी सलग १२ महिने इथं राहिलेलं असावं. मग नागरिक न होताही मत देता येतं, भारतीय पासपोर्ट तसाच राहतो. मी देते. अवघड आहे तो निवासी व्हिसा. नातवाला म्हणावं, आधी नोकरी शोध. बाकीचं मला व्यक्तिगत निरोपात विचारू दे.