सबब मिळाली की रंग दिसतो

संकटात कुणी कातडीचा रंग बघत नाही, हे मत मला अर्धंच पटतं. गेर्टनर आणि डोव्हिडिओ या मानसशास्त्रज्ञांचा अमेरिकेतला १९७७चा प्रयोग बघा. गोऱ्या विद्यार्थिनींना पलीकडच्या खोलीत खुर्च्या धडाधड कोसळल्याचा आणि एका तरुणीच्या किंकाळीचा आवाज ऐकवला. ऐकणाऱ्या आपण एकट्याच, असं वाटत होतं तेव्हा कृष्णवर्णीय मुलीसाठी ९४ टक्के जणी मदतीला गेल्या, गोऱ्या मुलीसाठी ८१. पण आणखीही लोक ऐकताहेत असा समज करून दिल्यावर? गोरीसाठी ७५ टक्के, कृष्णवर्णीय मुलीसाठी जेमतेम ३८! मला हे उघड द्वेषापेक्षा भयंकर वाटतं. शिवीगाळ करणारा निदान ओळखता येतो. इथे ‘दुसरं कुणीतरी जाईल’ एवढी सबब पुरली, आणि ती कृष्णवर्णीय मुलीच्या बाबतीतच जास्त वापरली गेली.