मदत हवी आहे: जुने गाजलेले चित्रपट मालिकेसारखे का दिसतात? (आणि शनिवारी काय लावू?)

आळसोबा:
नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

"अजून बघितलाच नाहीस?" असं ज्यांच्याबद्दल ऐकून ऐकून कान किटले, ते चित्रपट काही महिन्यांपासून बघायला घेतलेत. मधे मधे नवेही. माझी मतं अशी: सेव्हन सामुरायची पावसातली लढाई जबरदस्त, पण सगळी माणसं बसकी. घोडेसुद्धा बसके. २००१: अ स्पेस ओडिसी सुरू केला तर पडदा काळा आणि नुसता अंगावर काटा आणणारा आवाज. दोनदा वायर काढून लावली. मग माकडं आली. मग मी झोपलो. सायकोचा शेवट कुणीतरी आधीच फोडला होता, तरी बघवला, पण टीव्ही मालिका बघतोय असं सारखं वाटत होतं. टेनेटमधला एकही संवाद ऐकू आला नाही. आवाज वाढवला की पुढच्याच स्फोटाला शेजारी दार ठोठावणार. पॅरासाइट मात्र एका बैठकीत संपवला, डोळे मिटले नाहीत. मस्त.

तर प्रश्न: जुने चित्रपट असे गुळगुळीत, बातम्यांसारखे का दिसतात? आणि माझी पाळी आलीय, एक चित्रपट सुचवा. लवकर सांगा, प्लीज.

मधली रांग:
कसली पाळी? कुणासमोर लावायचाय? आणि बघता कशावर?

पाटीबहाद्दर:
टीव्ही विकून टाका, प्रोजेक्टर घ्या. मी तीन वर्षांपासून भिंतीवरच बघतो. टीव्हीवर चित्रपट बघणं म्हणजे पोस्टकार्डावर समुद्र बघणं.

शब्दभोळी:
सबटायटल मागेपुढे होत असतील तर प्लेअरमध्ये वेळ सरकवता येते. बोलणं आधी आणि अक्षरं नंतर येत असतील तर उणे करायचं, उलट असेल तर अधिक. अर्ध्या अर्ध्या सेकंदाने करत जा.

आळसोबा:
@शब्दभोळी, ताई, सबटायटल बरोबर आहेत हो. मी ते विचारलंच नाही.
@मधली रांग, टीव्हीवर, आणखी कशावर? नवा आहे, मोठा आहे, त्यामुळे दोष टीव्हीचा नाही. आम्ही आठ मित्र दर शनिवारी आळीपाळीने चित्रपट निवडतो. मागच्या पाळीला मी २००१ लावला होता. तिघे घोरले, एक जण "फोन आलाय" म्हणून बाहेर गेला तो गेलाच. या वेळी तसं झालं तर मला निवडूच देणार नाहीत.

तिसरी घंटा:
स्वतः ज्यात झोपलात तोच आठ जणांना दाखवलात? कमाल आहे. आणि ती "माकडं" नव्हेत, आदिमानवाचे पूर्वज आहेत. तो काळा पडदाही चित्रपटाचाच भाग. जवळजवळ तीन मिनिटं लिगेटी या संगीतकाराचं संगीत वाजतं, नाटकाआधी दिवे मंद होतात तसं. त्यानंतरही साधारण २५ मिनिटं एक शब्द नाही. १९६८ साली लोकांनी हे थिएटरात बसून बघितलं. वायर काढून लावली नाही.

निळावंती:
१९६८ ला उठून गेलेलेही पुष्कळ होते की. कुणाला झोप आली म्हणून त्याच्यावर डाफरायचं काय कारण?

तिसरी घंटा:
डाफरत नाहीये. सवय नसली की कंटाळा येतो आणि खापर चित्रपटावर फुटतं, एवढंच म्हणतोय.

निळावंती:
मला तर सवय आहे. तरी व्हर्टिगो दोनदा बघून दोन्ही वेळा कंटाळले. साइट अँड साउंड या चित्रपट-मासिकाच्या २०१२ च्या मतदानात पहिला आला होता, तरीसुद्धा.

खटपट्या:
आळसोबा, एकच सांगा. पॅरासाइट कशावर बघितलात?

आळसोबा:
लॅपटॉपवर. टीव्हीवर मॅच चालू होती. त्याचा काय संबंध?

खटपट्या:
सगळा संबंध तिथेच आहे. बाकीचे टीव्हीवर बघितले ना?

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, असतात. तुमचा टीव्ही सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र बदलतो. मग दोन फ्रेमच्या मधे तो स्वतःच्या अंदाजाने नव्या फ्रेम तयार करून घुसवतो. मॅच बघताना बरं वाटतं, चेंडू स्पष्ट दिसतो. चित्रपटाची मात्र मालिका होते. जुन्याचीच नाही, नव्याचीही होते. टेनेटमध्ये तुम्ही आवाजाशी झटापट करत होतात म्हणून चित्राकडे लक्ष गेलं नसेल.

पिक्चर सेटिंगमध्ये जा. कंपनीगणिक नाव वेगळं: ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. ते बंद करा. २०१९ नंतरच्या काही टीव्हींत फिल्ममेकर मोड असतो, तो लावला की बाकीची लुडबुडही थांबते. २०१८ मध्ये खुद्द टॉम क्रूझने व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायला सांगितलं होतं. इमारतीवरून उड्या मारायच्या आणि वर रिमोट कसा वापरायचा हेही शिकवायचं, काय एकेकाचं नशीब.

मधली रांग:
बसक्या घोड्यांचं कोडं राहिलंच. सेव्हन सामुराय जवळजवळ चौकोनी आहे, रुंदी-उंची १.३७:१. टीव्ही १६:९. डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसल्या का?

आळसोबा:
दिसल्या होत्या. मीच बटण दाबून घालवल्या. अख्ख्या पडद्याचे पैसे मोजलेत, अर्धाच का बघू?

मधली रांग:
मग तुम्हीच सगळ्यांना ३० टक्के रुंद केलंत. दिग्दर्शक कुरोसावाचा दोष नाही. पट्ट्या राहू द्या. आणि चित्रपट किती वेळ चालला? पूर्ण २०७ मिनिटांचा आहे, मधे मध्यंतर लिहिलेली पाटी येते. परदेशात काटछाट केलेल्या आवृत्त्याही फिरत होत्या.

आळसोबा:
पाटी आली होती. तिथेच उठून झोपायला गेलो, उरलेला दुसऱ्या दिवशी. ते सेटिंग सापडत नाहीये पण. आणि शनिवारचं कुणीच बोलत नाहीये!!

निळावंती:
ट्वेल्व्ह अँग्री मेन लावा. ९६ मिनिटं, एका मुलावरच्या खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवणारी बारा माणसं, एक खोली. आमच्या घरी वडीलही शेवटपर्यंत बसले होते. एरवी ते नामावली संपायच्या आत उठतात.

आळसोबा:
कृष्णधवल? एका खोलीत? परत घोरतील.

निळावंती:
नाही घोरणार. दिग्दर्शक ल्यूमेटने कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर ठेवला, मग डोळ्यांच्या रेषेत आणि शेवटी खाली. भिंगंही बदलत नेली, त्यामुळे भिंती जवळ येतात आणि शेवटी छतसुद्धा दिसायला लागतं. बघताना हे काही कळत नाही, फक्त जीव गुदमरायला लागतो. मित्रांना आधी सांगू नका.

रिकामा वेळ:
त्यापेक्षा त्याचाच हिंदी अवतार, एक रुका हुआ फैसला लावा. बासू चॅटर्जी, १९८६. पंकज कपूरचा राग मला मूळ चित्रपटातल्यापेक्षा खरा वाटतो.

तिसरी घंटा:
मूळच म्हणायचं तर १९५७ चा चित्रपटही मूळ नाही. रेजिनल्ड रोझने ते आधी टीव्हीसाठी लिहिलं होतं, १९५४ मध्ये. ल्यूमेटचा तो पहिलाच चित्रपट.

रिकामा वेळ:
मान्य. पण हिंदीत सबटायटल वाचावी लागत नाहीत, आणि खोलीभर माणसं एकाच वेळी बोलत असताना तो मोठाच फायदा.

शब्दभोळी:
सबटायटल नको असतील तर तीही बंद करता येतात.

पाटीबहाद्दर:
भिंतीवर बघितला तर ती खोली तुमच्या खोलीला जोडल्यासारखी वाटते. बजेट सांगा, प्रोजेक्टर सुचवतो.

आळसोबा:
प्रोजेक्टर नकोय!!!

सेटिंग सापडलं, पिक्चरच्या आत "प्रगत"मध्ये लपलं होतं. सायकोची पहिली दहा मिनिटं परत लावली. खरंच वेगळं दिसतं. गुळगुळीतपणा गेला. सेव्हन सामुरायच्या घोड्यांनाही पाय आले. आईला काडीचा फरक दिसला नाही. संध्याकाळी मॅचसाठी तिनेच ते परत चालू केलं आणि रात्री माझी परत मालिका.

खटपट्या:
बहुतेक टीव्हींत चित्रपट आणि खेळ असे वेगवेगळे पिक्चर मोड असतात. चित्रपटाच्या मोडमध्ये बंद ठेवा, खेळाच्या मोडला हात लावू नका. आईंना खेळाचा मोड दाखवून ठेवा, रोजचा तंटा मिटेल.

आळसोबा:
रविवार सकाळ. ट्वेल्व्ह अँग्री मेनच लावला. सात जण जागे होते. आठवा आलाच नाही, २००१ चा धसका घेतलाय म्हणे. चित्रपट संपल्यावर त्या मुलाने खून केला होता की नाही यावरून भांडण लागलं आणि खुनातल्या सुरीवरून दोघांनी अबोला धरलाय. पट्ट्या का ठेवल्यास म्हणून एकाने दोनदा विचारलं, त्याला ३० टक्क्यांचं गणित ऐकवलं. @निळावंती, छताचं मी सांगितलं नव्हतं, पण एक जण आपणहून म्हणाला की शेवटी शेवटी खोली लहान झाल्यासारखी वाटली.

माझं मत मात्र बदललेलं नाही. २००१ सेटिंग बदलून परत लावला, परत झोपलो. या वेळी अंतराळयानापर्यंत पोचलो होतो.

टेनेट अजून ऐकू येत नाही.

खटपट्या:
आवाजाच्या पर्यायात ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) निवडा. ५.१ मध्ये संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला असतात. तुमच्या टीव्हीला तो नसणार.

मधली रांग:
टेनेटला तेवढं पुरणार नाही. थिएटरात सगळे स्पीकर असूनही लोकांची हीच तक्रार होती. त्याला सबटायटलच लावा.

शब्दभोळी:
मागेपुढे झाली तर मी वर लिहिलंय.