२४ टनी प्रेस, रुंदी २.९ मीटर: फ्लॅट रॅकचं भाडं एवढं का?

यंत्रवाला
एक हायड्रॉलिक प्रेस जहाजाने पाठवायची आहे. लांबी ५.२ मीटर, रुंदी २.९, उंची २.१, वजन २४ टन, चार पायांवर उभी. फॉरवर्डर (माल पाठवून देणारा एजंट) २० फुटी फ्लॅट रॅक, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेला कंटेनर म्हणतो, पण भाडं साध्या कंटेनरच्या कितीतरी पट. हे सगळं वजनामुळे का?

लॅशिंगवाले_काका
वजनाला उगाच बदनाम करू नका, २४ टन २० फुटीला झेपतात. पैसे रुंदीचे लागतायत. कंटेनर बाहेरून २.४४ मीटर, म्हणजे तुमची प्रेस दोन्हीकडे २३-२३ सेंटीमीटर बाहेर. जहाजावर शेजारच्या कंटेनरमध्ये एवढी फट नसते, म्हणून डावी-उजवी जागा रिकामी सोडतात आणि तिचं भाडंही तुमच्याच माथी मारतात. बाजूला शिडी, गार्ड, केबलची पेटी असं काही बोल्टवर आहे का बघा. उतरलं तर भाव पुन्हा मागवा.

मला काळजी आहे ती त्या चार पायांची. एकेका पायावर ६ टन, आणि खाली नुसत्या लाकडी फळ्या. रॅकचा खरा जोर लांबीच्या दोन गर्डरमध्ये असतो. पायांखाली आडवे स्टीलचे बीम टाकून भार त्या गर्डरांवर न्या.

बांधणीचा हिशोब लिहून मागा. खवळलेल्या समुद्रासाठी सीटीयू कोड (कंटेनरमध्ये माल भरण्या-बांधण्याची आंतरराष्ट्रीय नियमावली) आडवा जोर वजनाच्या ०.८ पट धरतो, म्हणजे १९ टनांच्या वर. लाकूड-स्टीलचं घर्षण ०.३ धरलं तर त्यातले सातेक टन सुटतात. उरलेले १२ टन साखळ्यांनी पेलायचे, तेही प्रत्येक बाजूला वेगळे. रॅकच्या कड्यांची क्षमता आधी विचारा, नाहीतर साखळी दणकट आणि कडी लेचीपेची असा प्रकार होतो.

यार्डातला
काकांच्या बीममध्ये एक मेख आहे. २० फुटी रॅकची आतली उंची साधारण २.२ मीटर. २० सेंटीमीटरचे बीम टाकले की तुमची २.१ ची प्रेस २.३ होते आणि कोपऱ्यांच्या खांबांपेक्षा उंच जाते. मग क्रेनचा नेहमीचा स्प्रेडर (कंटेनर चारही कोपऱ्यांना पकडून उचलणारी चौकट) कोपऱ्यांना पोचत नाही, वेगळी फ्रेम लावावी लागते, आणि वर दुसरा कंटेनर ठेवायची जागाही गेली. फॉरवर्डरला मापं बीमसकट कळवा. व्हीजीएममध्येही (भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन) बीम, साखळ्या सगळं धरावं लागतं, जुलै २०१६ पासून तो नियमच आहे.

यंत्रवाला
शिडी आणि गार्ड काढले तर रुंदी २.३८ येते. उंचीचं मात्र कोणी बोललंच नव्हतं. वरची मोटर सुटते, ती काढली तर १.८.

लॅशिंगवाले_काका
मग काढाच. मोटर वेगळ्या पेटीत, त्याच रॅकवर बांधून. उघडी पडलेली तोंडं आणि मशीन केलेले पृष्ठभाग गंजरोधक लावून नीट बंद करा. ताडपत्रीच्या भरवशावर राहू नका, वाऱ्यात फडफडून ती रंगही खरवडते. आणि लाकूड वापरलंत तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का हवा.